भिजत पडलेले घोंगडे

दिरंगाई हा असा दोष आहे की, तो आपल्या अंगी आहे हे सांगावयास कोणासही लाज वाटत नाही. शेजाऱ्याचा बांध कोरला किंवा उसने घेतलेले बुडविले, हे कोणी चारचौघांत हसत सांगत नाही. परंतु "ते काम अजून राहिलेच आहे हो" हे वाक्य आपण हसत हसत बोलतो, आणि ऐकणाराही हसून मान डोलवितो, कारण त्याच्याही घरी तसेच एखादे काम पडलेले असते. आपल्या भाषेने मात्र ह्या दोषास मोठे नेमके नाव देऊन ठेवले आहे. पडून राहिलेल्या कामास आपण भिजत घोंगडे म्हणतो. कोरडे घोंगडे लहान मूलही खांद्यावर टाकून चालते. तेच पाण्यात पडून राहिले म्हणजे एकट्याने उचलवत नाही. त्यात लोकरीचा एक धागाही वाढलेला नसतो; वाढते ते पाणी. टाकून ठेवलेल्या कामाचेही असेच होते. ते कसे होते हे ह्या पाठात एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण मुद्दाम असे घेतले आहे की, ते वाचकांपैकी बहुतेकांच्या गावी, आणि कित्येकांच्या घरीही सापडेल.

घरातील कर्ता पुरुष वारला. त्याच्या नावे तीन एकर जमीन आहे. मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत. आता करावयाचे ते इतकेच. मृत्यूची खबर 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत द्यावयाची, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याप्रमाणे विनाशुल्क नोंद होते. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांच्या आत वारसांची वर्दी तलाठ्याकडे द्यावयाची. ही वर्दी तोंडी दिली तरी चालते, लेखी दिली तर अधिक बरे. आणि ती मिळाल्याची पोच देणे हे तलाठ्याचे कर्तव्य आहे. मग फेरफार नोंदला जातो, हितसंबंधी लोकांस नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस ठेवले जातात, आणि कोणी हरकत घेतली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वाद नसेल तर घोंगडे कोरडे आहे.

आता तेच पाण्यात टाकून पाहा. मृत्यूची खबर 21 दिवसांत दिली नाही तर 30 दिवसांपर्यंत विलंबशुल्क पडते. तीस दिवस उलटले व वर्ष झाले नसले तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले म्हणजे दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. मनुष्य तोच, त्याचे मरणही तेच. कागद तेवढा दर मुक्कामाला जड होत गेला. दाखला एकदाचा मिळाला तरी घरचे म्हणतात, आता सुगीचे दिवस आहेत, सुगी झाली की पाहू. सुगीनंतर नाताळ येतो, नाताळानंतर लग्नसराई, आणि लग्नसराई सरते न सरते तो मृग लागतो. अशी पंधरा वर्षे जातात. एवढ्या काळात आई वारते. थोरला मुलगा पत्नी व दोन मुले मागे ठेवून जातो. एक मुलगी सासरी मरते; तिचा नवरा व तीन मुले मुंबईकडे असतात. मोजून पाहा. ज्या कामास पाच माणसे लागत होती व ती पाचही एका चुलीभोवती बसत होती, त्यास आता नऊ माणसे लागतात. एक मृत्यूचा दाखला पुरत होता तेथे चार लागतात. आणि नऊंपैकी निम्म्यांनी एकमेकांची तोंडे क्वचितच पाहिलेली असतात. जमीन मात्र तीच तीन एकर. ह्या पंधरा वर्षांत पीककर्ज मागावयास जावे तर सातबाऱ्यावर नाव मेलेल्या माणसाचे. पिकाचा विमा, नुकसानीची भरपाई, सगळीकडे तोच अडसर. आणि ह्यात सर्वांत अधिक भोगते ती थोरल्या मुलाची विधवा. जिच्या सासऱ्याचेच नाव निघालेले नाही, तिचे नाव लागणार कोठून? दिराने घर सोड म्हटले तर दाखवावयास तिच्यापाशी एक ओळ नाही.

हे थोड्या घरांचे दुखणे असते तर सरकारास मोहीम काढावी लागली नसती. 1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्राच्या महसूल खात्याने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची जी राज्यव्यापी मोहीम काढली, तिला जिवंत सातबारा असे नाव दिले. नावच पुरेसे बोलके आहे.

जाता जाता ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण तिच्याविषयी गावोगावी गैरसमज आहे. मृत्युपत्र नसेल तर महाराष्ट्रातील ख्रिस्ती मनुष्याचा वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. मुले असताना विधवेस एक तृतीयांश मिळते, आणि राहिलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली ह्यांत सारखे वाटले जाते. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. वर्दी देताना बहिणींची नावे गाळणे ही दिरंगाई नव्हे. तिला दुसरे नाव आहे, आणि ते बरे नाही.

आता प्रश्न असा की, हे लोक आळशी असतात काय? आमचे उत्तर आहे की, मुळीच नाही. ज्या घरात वारसनोंद पंधरा वर्षे पडून आहे, त्याच घरात माणसे पहाटे उठतात, धार काढतात, दिवस उगवण्यापूर्वी पाण्याची पाळी धरतात, आणि जमिनीस वापसा आला की जेवणाचे भान न ठेवता पाभर धरतात. पेरणी उद्यावर टाकणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही. मग तोच मनुष्य एका कागदासाठी पंधरा वर्षे कसा लावतो? उत्तर असे की, पेरणीला स्वतःची घंटा आहे. गाय हंबरते ती घंटा. वापसा दोन दिवसांत उडून जातो ती घंटा. बाजाराचा वार, शाळेची वेळ, रविवारची उपासना ह्या सर्वांस घंटा आहेत. वारसनोंदीस घंटा नाही. ती आज केली नाही तर आज काही बिघडत नाही, उद्याही बिघडत नाही. मृत्युपत्र करणे, छातीत दुखते ते दाखविणे, रुसलेल्या भावाकडे जाऊन पहिला शब्द टाकणे, मुलीच्या शिक्षणासाठी चार पैसे बाजूस ठेवणे, ही सर्व बिनघंटेची कामे आहेत. आणि आयुष्यात ज्यांच्याविषयी मागाहून हळहळावे लागते, ती बहुतेक ह्याच जातीची असतात. म्हणून उद्योगी मनुष्याने आपण उद्योगी आहो एवढ्यावर विसंबू नये. उद्योगी मनुष्य दिरंगाई करतो तेव्हा ती दिसतही नाही, कारण त्याचे हात रिकामे नसतात.

ह्या गोष्टीस दुसरेही एक अंग आहे. नुसती घंटा नाही म्हणून काम राहते असे नाही. त्या कामाची आठवण झाली की मनाला काही टोचते, म्हणूनही ते राहते. कचेरीत आपणांस नीट बोलता येणार नाही, भाऊ काय म्हणेल, वडिलांचे नाव काढावयाचे म्हणजे ते खरोखरीच गेले असे होईल, डॉक्टर भलतेच काही सांगेल. ही टोचणी नको म्हणून आपण दुसऱ्या कामास लागतो, आणि त्या घटकेपुरते बरे वाटते. मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरॉइस व टिमोथी पिचिल ह्यांनी 2013 साली हेच मत मांडले: दिरंगाई ही मुळात वेळेची अव्यवस्था नसून, मनास या क्षणी नकोसे वाटते ते टाळून तात्पुरते बरे वाटून घेणे होय. पुढच्या दिवसातला जो आपणच, त्याच्या माथ्यावर ते ओझे ढकलले जाते. प्रेषितांच्या कृत्यांतील फेलिक्स सुभेदाराची गोष्ट ह्या दृष्टीने पुनः वाचावी. पौलाचे बोलणे ऐकून तो घाबरला. त्याने नकार दिला नाही. पुढे केव्हातरी बोलावू असे सांगून त्याला तूर्त परत पाठविले. विशेष हे की, पुढे त्याने त्याला वारंवार बोलाविलेही; दोन वर्षे बोलणी होत राहिली, आणि त्याच्या जागी दुसरा सुभेदार आला तेव्हा पौल बंदीतच होता. लाचेची आशा त्यात होती, ती सोडा. कामाच्या भोवती फिरत राहणे आणि काम करणे ह्यांत केवढे अंतर आहे, ते येथे दिसते. तहसिलीच्या चहाच्या दुकानात बसून त्याच प्रकरणाविषयी दहा वेळा बोललेला मनुष्य घरी येऊन समजतो की, आपण त्या कामासाठी पुष्कळ हिंडलो.

येथे कोणी म्हणेल, मग काय थांबूच नये? तसे नाही. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पेरणारा घाईने बियाणे घालवितो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी खाते देत असते व तो योग्य आहे. परंतु तो शेतकरी कशासाठी थांबला आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि थांबणे केव्हा संपेल त्याची खूणही त्यापाशी असते. ज्याला विचारले असता "बघू, जरा सवड होऊ द्या" एवढेच सांगता येते, तो थांबलेला नाही; तो टाळत आहे. ही परीक्षा प्रत्येकाने आपल्या घरच्या घोंगड्यास लावून पाहावी.

उपाय आता ध्यानात येईल. बिनघंटेचे काम घंटेच्या कामाच्या गळ्यात बांधावयाचे. ह्यावर ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग 2002 साली प्रसिद्ध झाला. सारा मिल्न व त्यांचे सहकारी ह्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा तरी 20 मिनिटे चांगला व्यायाम करावा, एवढीच गोष्ट होती. एका गटास काहीच विशेष सांगितले नाही. त्यातील 38 टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटास व्यायामाचे लाभ व हृदयरोगाचे भय नीट समजावून दिले; त्यातील 35 टक्क्यांनी केला, म्हणजे उपदेशाने काहीच वाढले नाही. तिसऱ्या गटास तोच उपदेश करून वर एक वाक्य लिहावयास लावले: अमुक वारी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन. त्यातील 91 टक्क्यांनी केला. उपदेश करणे हेच ज्यांचे काम आहे, त्या आमच्या प्रचारक बंधूंनी हे आकडे दोनदा वाचावेत. मनुष्यास काय करावे हे बहुधा ठाऊक असते; केव्हा व कोठे, हे ठरलेले नसते.

म्हणून "लवकरच तलाठ्याकडे जाईन" असे म्हणू नये. "सोमवारी बाजारास गेलो म्हणजे, भाजी घेण्यापूर्वी, पिशवी रिकामी असतानाच, आधी तलाठ्याच्या कचेरीत जाईन" असे म्हणावे. सोमवारचा बाजार चुकत नाही. त्याच्या मागे बांधलेले कामही मग सहसा चुकत नाही. "भावाशी बोलेन" असे नव्हे, "रविवारी उपासना सुटल्यावर, चपला घालतानाच, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करीन." पहिला शब्द एवढाच असावा. सगळे भांडण एका दिवसात मिटवू म्हणणारा मनुष्य त्या दिवसाची वाट पाहत म्हातारा होतो. भिजलेले घोंगडे एकदम खांद्यावर घेता येत नाही. एक कोपरा धरून पिळावयाचा, मग दुसरा.

वेळेच्या अंदाजाविषयीही सावध असावे. कॅनडात 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले काम सरासरी 34 दिवसांत होईल असे सांगितले. प्रत्यक्षात 55 दिवस लागले. शिकलेल्यांची ही गत. तेव्हा "एका दिवसात उरकतो" असे जे काम वाटते, त्यास दोन फेऱ्या धरून चालावे, म्हणजे पहिल्या फेरीस कचेरीचे दार बंद सापडले तर मन मोडत नाही.

थोडथोड्याने केवढे काम होते, ह्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात शेकडो स्त्रिया व मुले होती; त्यांचे अन्न, औषध, शिक्षण, विहिरी, शेती, सर्व भार त्यांजवर होता. अशा बाईस सवड कोणत्या दिवशी मिळावी? तरी साध्या बायकांस कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून उतरवावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकावयास घेतले, आणि सुमारे 18 वर्षे ते भाषांतर चालविले. त्याचे खिळे मुक्तीच्याच छापखान्यात तेथल्या मुलींनी जुळविले. 1921 साली एकुलती कन्या मनोरमा वारली. तरीही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. सदनाचा व्याप जरा कमी होऊ दे, मग बसू, असे त्या म्हणत्या, तर पहिले पानही झाले नसते; कारण तो व्याप कमी झालाच नाही.

आपल्या पिढीस मात्र एक नवी अडचण आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पाठ पुरा व्हावयाचा नाही. हातातील मोबाइलला घंटा आहे. किंबहुना घंटेशिवाय त्यात दुसरे फारसे नाही. पण ती आपली घंटा नव्हे, परक्याची आहे. तिच्या हाकेस ओ देता देता संध्याकाळ जाते, आणि दिवसभर आपण कशात तरी गुंतलो होतो असे वाटत राहते. यंत्र टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्याच यंत्रात सोमवारी सकाळी नऊची घंटा लावून त्यापुढे "वारसनोंद" एवढा शब्द लिहिला, तर ते आपले चाकर होते. आणि एकदा सात दिवस तरी, दुकानदार जशी खतावणी लिहितो तशी, दिवसाचे तास कोठे गेले ते रात्री झोपताना वहीत मांडावे. कोणास दाखवावयाचे नाही. आठव्या दिवशी बेरीज करावी.

प्रचारक बंधूंस दोन शब्द निराळे सांगावयाचे आहेत. रविवारचा पाठ शनिवारी रात्री दिव्यापाशी बसून तयार करण्याची रीत आपल्यात फार आहे. तो चुकत नाही, कारण रविवारला घंटा आहे. परंतु आजाऱ्याच्या भेटीस घंटा नाही. वस्तीच्या टोकाला म्हातारी अंथरुणास खिळून आहे, उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता जी घंटा शेवटी वाजते ती ऐकून आपण जातो खरे, पण जिला भेटावयाचे होते ती बोलण्याच्या पलीकडे गेलेली असते, आणि तिच्या सुनेस आपण जे सांगतो ते तिला ऐकावयाचे होते. ह्या भेटीही एखाद्या नेमाच्या कामास बांधाव्यात. गुरुवारी दुसऱ्या वाडीस जाण्याचा नेम असेल तर जाताना वाट त्या झोपडीवरून घ्यावी.

दुसरे असे की, ज्याचे काम पडून आहे त्यास मंडळीसमोर टोचून बोलू नये. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास लांबणीवर टाकल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी दिरंगाई कमी केली. जे स्वतःला दोष देत राहिले त्यांची तशी कमी झाली नाही. ह्याचे नवल वाटू नये. काम आठवताच टोचते म्हणून जो टाळतो, त्यास आणखी टोचल्याने तो अधिकच दूर पळेल. त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जाणे हे चार व्याख्यानांहून उपयोगी पडते.

येत्या रविवारी उपासनेनंतर थोडा वेळ बसून प्रत्येक घराने आपले एकच घोंगडे निवडावे व चिठ्ठीवर एकच ओळ लिहावी: कोणते काम, कोणत्या वारी, कोणत्या नेमाच्या कामाच्या आधी किंवा नंतर. ज्यांस लिहिता येत नाही त्यांची ओळ शाळेतील मुलांनी लिहून द्यावी. ज्या घरांची ओळ वारसनोंदीची असेल, त्यांनी सोमवारी निघण्यापूर्वी पिशवीत एवढे कागद पाहून घ्यावेत: मृत्यूचा दाखला, जमिनीचा सातबारा व आठ-अ चा उतारा, शिधापत्रिकेची व आधारपत्राची प्रत, आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र, बहिणींसुद्धा. ज्यांच्या घरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांस हाच अर्ज सरकारच्या ई-हक्क ह्या संकेतस्थळावरूनही करता येतो. कचेरीत अर्ज दिल्यावर पोच मागून घ्यावी, तिच्यावर तारीख आहे की नाही ते तेथेच उभे राहून पाहावे, आणि घरी आल्यावर ती डब्यात टाकून न देता भिंतीवरच्या दिनदर्शिकेस टाचणीने लावावी. तेथेच पंधरा दिवसांनंतरच्या तारखेस एक गोल करून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या फेरीचीही घंटा झाली.